मशीन जुनं झालंय की नुसतं बिघडलंय?

जळगाव-धुळ्याकडे घरातलं वॉशिंग मशीन बंद पडलं की दोन दिवसांत दोन निकाल हातात पडतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आलेला मुलगा मागचं झाकण उघडतो, मीटर लावतो आणि म्हणतो, "पीसीबी गेलाय. सात हजारांच्या पुढे जाईल. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." दुसऱ्या दिवशी गल्लीतला मेकॅनिक येतो, तेच झाकण उघडतो आणि म्हणतो, "काही झालेलं नाही काकू, हजार-बाराशेत चालू करून देतो." घरच्यांना वाटतं, दोघांपैकी एक जण फसवतोय. तसं असेलच असं नाही. कंपनीच्या माणसाला अख्खा पीसीबी, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बदलण्याचीच मुभा असते, तर गल्लीतला मेकॅनिक त्याच पीसीबीवरचा जळालेला एक रिले किंवा एक रेझिस्टर काढून नवा डाखतो. एक जण भागाची किंमत सांगतो, दुसरा मजुरीची.

या सगळ्यात घरची मंडळी मात्र तिसऱ्याच आकड्याला चिकटून बसतात. किती वर्षं झाली? नऊ? मग काढाच आता. ई-कचऱ्याच्या सरकारी हिशेबातही वॉशिंग मशीनचं सरासरी आयुष्य नऊ-दहा वर्षांच्या आसपास धरलेलं आहे, पण तो आकडा देशात कचरा किती निघेल याचा अंदाज बांधण्यासाठी आहे. तुमच्या मोरीत उभ्या असलेल्या मशीनबद्दल तो काहीच सांगत नाही. माझ्या मते दुरुस्ती की नवीन, या निर्णयात वय हा सगळ्यात कमी कामाचा आकडा. आधी विचारायचं ते एवढंच, की बिघडलं काय आणि कशामुळे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खान्देशात पुण्या-मुंबईपेक्षा वेगळं येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

इथे मशीनला सगळ्यात आधी मारतं ते पाणी. धुळे-साक्रीकडे बोअर लागतात बेसाल्टच्या खडकात. चोपडा, यावल, रावेरचा पट्टा तापीच्या गाळाचा. दोन्हीकडच्या जमिनीखालच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. बोअरच्या पाण्याच्या बादलीला जे पांढरं कडं धरतं, गिझरच्या कॉइलवर जो खडू बसतो, तेच मशीनच्या पोटातही चाललेलं असतं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाणी नियमात बसतं, प्यायला चालतं, तरीही ते मशीनच्या मुळावर येऊ शकतं.

पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेला कॅल्शियम कार्बोनेट हीटरवर बसतो. थरामुळे उष्णता पाण्यात जायला वेळ लागतो, हीटर आतल्या आत जास्त तापतो आणि एक दिवस उडतो. थंड पाण्यात धुणाऱ्यांचा हीटर वाचतो, पण पावडरचा काही भाग क्षारांशी झुंजण्यातच खर्च होतो. मग कपडे निघत नाहीत म्हणून बाई आणखी एक चमचा टाकते. न विरघळलेली पावडर आणि मळाची साय आतल्या ड्रमच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे जिथे आपला हात कधी पोचत नाही तिथे, थरावर थर धरते. कपड्यांना कुबट वास येतो, काळे कण चिकटतात, आणि "मशीन म्हातारं झालं" असा शेरा मिळतो. मशीन म्हातारं झालेलं नसतं, अंघोळीवाचून राहिलेलं असतं. ढोकळ्यात घालतात ते लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, शंभर ग्रॅमच्या आसपास रिकाम्या ड्रममध्ये टाकून गरम पाण्याचं एक चक्र चालवलं की क्षार सुटतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा हे केलं तर पुरे. मात्र त्याच वेळी ब्लीच घालायचं नाही; आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पाण्याची दुसरी गोष्ट दाबाची. जळगावला वाघूर धरणातून, धुळ्याला तापी, नकाणे, डेडरगाव आणि अक्कलपाड्यातून पाणी येतं, पण रोज येईल अशी सवय या शहरांना नाही. त्यामुळे पाणी आधी खालच्या हौदात, मग मोटरीने गच्चीवरच्या टाकीत, आणि तिथून मशीनला. बऱ्याच ऑटोमॅटिक मशीनच्या पुस्तिकेत पाण्याचा किमान दाब 0.3 बारच्या आसपास मागितलेला असतो. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 0.1 बार, म्हणजे मशीनच्या नळीपासून पाण्याची पातळी तीन मीटर वर हवी. बैठ्या घराच्या स्लॅबवर टेकवलेली टाकी अर्धी झाली की हा आकडा काठावर येतो. त्यात नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने भरलेली. मशीन पाणी येण्याची वाट बघतं, कंटाळतं आणि चूक झाल्याचा संकेत दाखवून थांबतं. अशा वेळी इनलेट व्हॉल्व बदलून घेणारे लोक आहेत. पक्कड घेऊन नळी सोडवावी, जुन्या टूथब्रशने जाळी घासावी, टाकी भरून पुन्हा लावून बघावं, फुकटात होतं.

टाकीचा विषय निघालाच आहे तर उन्हाळ्याचंही सांगतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या घरात गेला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी जे पाणी येतं त्याने हात भाजतो. त्या दिवसांत मशीनचा हीटर लावणं म्हणजे सूर्याने दिलेलं नाकारून महावितरणला पैसे भरणं. पांढरे पायजमे, चादरी दुपारी धुवाव्यात. रंग जाणारे कपडे मात्र सकाळच्या पाण्यात. आणि मशीन गच्चीत किंवा पश्चिमेच्या गॅलरीत उघड्यावर असेल तर त्यावर काहीतरी आडोसा हवाच. सेमी ऑटोमॅटिकची बॉडी बहुधा प्लॅस्टिकची असते आणि ऊन त्या प्लॅस्टिकला पापडासारखं ठिसूळ करतं. मोटर ठणठणीत आणि टबला तडा, अशी कितीतरी मशीन भंगारात जातात.

विजेचं गणित पाण्याहून सोपं आहे, पण फारसं कुणी मांडत नाही. साध्या इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. घरात 230 व्होल्ट असायला हवेत, आणि संध्याकाळी ते 180 वर आले, तर जोर 20-22 टक्क्यांनी कमी होत नाही; तो जवळजवळ 40 टक्क्यांनी पडतो. भरलेल्या टबातली चक्री फिरत नाही, मोटर नुसती घूं घूं करते आणि तापते. शेतपंपांची वीज आली की शेजारच्या वस्तीत दिवे मंद होणं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. संध्याकाळी अडणारं मशीन सकाळी किंवा दुपारी नीट चालत असेल तर दोष मशीनमध्ये शोधू नका. नवीन आणलं तरी तेही त्याच संध्याकाळी अडू शकतं, आणि नव्या मशीनमध्ये तर इलेक्ट्रॉनिक्स जास्त.

आणि उंदीर. बहुतेक टॉप लोड मशीन खालून उघडी असतात. आत ऊब, अंधार आणि कुरतडायला वायरी. दाण्याचं, धान्याचं कोठार घरालगत असलेल्या ठिकाणी तर विचारूच नका. तळाला बसवायची जाळी किंवा प्लॅस्टिकचा पत्रा दोन-चारशे रुपयांत मिळतो. वायरिंग कुरतडल्याचं बिल त्याच्या कित्येक पट येतं, आणि ती दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही.

आता काही तक्रारी अशा, की ज्यांचा मशीनशी संबंधच नाही. केळीच्या बागेत काम करणाऱ्याच्या सदऱ्यावरचा चिकाचा डाग जगातलं कुठलंच मशीन काढत नाही. त्या चिकातली टॅनिनसारखी द्रव्यं हवेने काळी पडतात आणि धाग्यात बसतात. त्यासाठी वेगळा जुना सदरा ठेवणं एवढाच उपाय रावेर-यावलकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. काळ्या मातीने भरलेले शेतातले कपडे तसेच मशीनमध्ये टाकले तर माती पंपाच्या फिल्टरमध्ये बसते. कपाशीचा धागा, टिकल्या, सेफ्टी पिना, सुट्टे पैसे तिच्यात अडकतात आणि पाणी निघेनासं होतं. आधी बादलीत हिसळून घ्यावेत. गोधडी तर मशीनचा शत्रूच. मशीनवर लिहिलेले सहा-सात किलो हे कोरड्या कपड्यांचे. गोधडी पाणी पिऊन किती जड होते हे ती पिळणाऱ्या हातांना ठाऊक आहे, आणि त्या वजनाने टॉप लोडचा क्लच आणि टब ज्यांना टांगलेला असतो ते रॉड जातात.

एवढं सगळं तपासूनही मशीन हलत नसेल, तर मग खरी दुरुस्ती आली. इथे मशीनची जात बघावी लागते.

सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे धुण्याचा टब वेगळा आणि ड्रायर वेगळा असलेलं मशीन, खान्देशात अजून भरपूर दिसतं आणि त्याला कारण केवळ स्वस्ताई नाही. त्याला दाबाचं पाणी लागत नाही, बादलीने भरता येतं. वीज मध्येच गेली तरी आल्यावर पुन्हा सुरू करता येतं. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी असे तीन घाणे काढता येतात आणि शेवटचं पाणी अंगण धुवायला. यात बिघडण्यासारखं आहे तरी काय? मोटर नुसती गुणगुणते आणि चक्रीला हाताने धक्का दिला की फिरते, तर कॅपॅसिटर गेला. तो शे-दोनशे रुपयांचा भाग. मोटर फिरते पण चक्री नाही, तर बेल्ट घसरला किंवा तुटला. ड्रायर सुरू होत नाही, तर झाकणाखालचा स्विच किंवा ब्रेकची वायर. ड्रायर हादरतो, तर खालचं रबर फाटलं. टायमर अडकतो. चक्रीच्या शाफ्टचं सील झिजून पाणी गळतं. हे सगळे भाग कुठल्याही कंपनीच्या मशीनला थोड्याफार फरकाने चालतात. मोटर जळालीच तर ती भरून देणारे कारागीर खान्देशात प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत, कारण विहिरी आणि बोअरवरच्या पंपांनी हा धंदा इथे जगवलाय. छोट्या मोटरीच्या रिवाइंडिंगची मजुरी आणि नव्या मोटरीची किंमत यांत कधी कधी फारसं अंतर राहत नाही, तेवढं मात्र विचारून घ्यावं. सेमी ऑटोमॅटिकबद्दल माझा निकाल सरळ आहे. बॉडी आणि टब शाबूत असेतो दुरुस्त करत राहा, मग ते पंधरा वर्षांचं का असेना. टबला तडा गेला किंवा खालची लोखंडी बैठक गंजून खचली, तर थांबा. एम-सील लावून दोन महिने ढकलता येतील, जास्त नाही.

टॉप लोड ऑटोमॅटिकमध्ये निर्णय अधिक अवघड. पाणी आत घेणारा व्हॉल्व, बाहेर सोडणारी ड्रेन मोटर, पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर, टांगते रॉड हे सारं बदलण्याजोगं आणि हजार ते अडीच हजारांच्या आतबाहेर. क्लच गेला तर खर्च त्याहून वर जातो. पीसीबीचा जुगार वेगळाच. तो दुरुस्त करणारा चांगला हात जळगाव किंवा धुळ्यात सापडतो, खेड्यात क्वचित. दुरुस्त केलेला पीसीबी टिकेल का, हे तो कशामुळे गेला यावर आहे. एकदा व्होल्टेज उसळून उडाला असेल तर टिकतो. पाणी किंवा वाफ शिरून हिरवा पडला असेल तर पुन्हा येतोच. मेकॅनिकला तो पीसीबी हातात द्यायला सांगा आणि स्वतः बघा. जळालेला एक ठिपका आणि सगळीकडे पसरलेला हिरवा गंज यांतला फरक ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही.

फ्रंट लोडचं दुखणं मात्र खोलवरचं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. ड्रम आडव्या अक्षावर फिरतो आणि मागच्या बाजूच्या बेअरिंगवर सगळा भार असतो. अर्धा मीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला 1000 फेऱ्या घेतो तेव्हा त्याच्या कडेला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 280 पट जोर तयार होतो. कपडे एका बाजूला गोळा होऊन नुसता 100 ग्रॅमचा तोल चुकला, तरी बेअरिंगवर प्रत्येक फेरीला 28 किलो वजनाइतका हिसका बसतो, सेकंदाला सोळा-सतरा वेळा. शिवाय बेअरिंगपुढच्या सीलमधून थेंबभर पाणी झिरपलं की बेअरिंगचं ग्रीस धुऊन जातं. आधी पिळताना घरघर, मग विमान उडाल्यासारखा आवाज. याच ड्रमच्या पाठीला तीन पायांचा ॲल्युमिनियमचा कणा असतो, त्याला स्पायडर म्हणतात. सोड्याचं प्रमाण जास्त असलेली पावडर आणि ओलावा त्याला कुरतडतो, आणि तो तुटला की ड्रम डुगडुगायला लागतो.

बेअरिंग ही वस्तू स्वतः महाग नाही. कुठल्याही मोटर-पंपाच्या दुकानात ते मिळतं. अडचण अशी की अनेक फ्रंट लोड मशीनमध्ये बाहेरच्या प्लॅस्टिक टबाचे दोन भाग स्क्रूने न जोडता कारखान्यातच वितळवून एक केलेले असतात. तो टब उघडतच नाही. मग काही शे रुपयांच्या बेअरिंगसाठी अख्खा टब बदलावा लागतो आणि बिल नव्या मशीनच्या अर्ध्यापर्यंत चढतं. काही धाडसी मेकॅनिक करवतीने टब कापून, बेअरिंग बसवून, स्क्रू आणि सिलिकॉनने पुन्हा जोडतात. जमलं तर दोन-तीन वर्षं जातात. मी तरी सात-आठ वर्षांपलीकडच्या मशीनवर हा प्रयोग करायला सांगणार नाही. म्हणून नवीन फ्रंट लोड घेताना दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न रंगाचा किंवा वाय-फायचा नाही. टब उघडतो का, हा आहे. त्याला बहुधा सांगता येणार नाही. मेकॅनिकला सांगता येतं.

आता पैसे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवीन घ्यावं, असा एक ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. मला तो अर्धवट वाटतो, कारण त्यात पुढे किती वर्षं मिळणार ते नाही. त्यापेक्षा दोन्ही खर्च वर्षांनी भागावेत. समजा दुरुस्तीला साडेचार हजार लागतात आणि मेकॅनिक इमानदारीने सांगतो की तीन वर्षं जाईल. वर्षाला दीड हजार पडले. नवं टॉप लोड बावीस हजारांचं आणि दहा वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाला बावीसशे. दुरुस्ती करा. तेच बिल साडेसात हजारांचं असेल आणि भरवसा दोनच वर्षांचा, तर वर्षाला पावणेचार हजार होतात. इथे नवीन घेणं शहाणपणाचं. निम्म्याच्या ठोकताळ्याने हे साडेसात हजार चालून गेले असते. गेल्या दोन वर्षांत झालेली बिलंही या हिशेबात धरायला हवीत. एक बिल वेगळं, दर सहा महिन्यांनी येणारं बिल वेगळं.

नव्या मशीनने विजेचं बिल वाचतं, हे दुकानातलं वाक्य खान्देशातल्या घराला फारसं लागू नाही. थंड पाण्यात धुणारं साधं मशीन एका घाण्याला 0.15 ते 0.2 युनिट घेतं. वर्षाला अडीचशे घाणे धरले तरी चाळीस-पन्नास युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर चार-पाचशे रुपये. नवीन मशीन हवेवर चाललं तरी वाचणार तेवढेच. वीज खाते ती गरम पाण्याला: पंधरा लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला 0.6 युनिट लागतं, म्हणजे बाकीच्या सगळ्या कामाच्या तिप्पट-चौपट.

पाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. टॉप लोड ऑटोमॅटिक एका घाण्याला शंभर-दीडशे लिटर पाणी सहज घेतं, फ्रंट लोड पन्नास ते सत्तर. आठवड्याला पाच घाणे असतील तर महिन्याला हजार-दीड हजार लिटरचा फरक पडतो. म्हणजे गच्चीवरची एक टाकी. ज्या कॉलनीत उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो तिथे चालू स्थितीतलं टॉप लोड काढून फ्रंट लोड घेण्याला हे एक सबळ कारण आहे. ज्यांची विहीर बारमाही आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

सुट्या भागांचा प्रश्न मेकॅनिकच्या हातात नसतो. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉनची वॉशिंग मशीन एके काळी आपल्याकडे घरोघरी होती. कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. साधी सेमी ऑटोमॅटिक बाजारातल्या सर्वसाधारण भागांवर चालवता येतात. कंपनीचाच खास पीसीबी लागणाऱ्या ऑटोमॅटिकला तो पर्याय नसतो. रांजणगाव, शिरवळ, गोव्यातलं वेर्णा इथे वॉशिंग मशीनचे कारखाने आहेत, म्हणजे मशीन आपल्या शेजारीच बनतं. पण आठ वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा दरवाजाचा रबर धुळ्यात मिळेल याची हमी कुणी देत नाही. युरोपीय संघाने 1 मार्च 2021 पासून नियमच केला, की वॉशिंग मशीनचं मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान दहा वर्षं सुटे भाग पुरवलेच पाहिजेत. फ्रान्समध्ये त्याच वर्षी दुकानातल्या मशीनवर ते दुरुस्त करायला किती सोपं याचे दहापैकी गुण छापायला सुरुवात झाली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात घरगुती उपकरणंही येतात आणि कंपन्यांनी सर्व्हिस, वॉरंटी, सुटे भाग यांची माहिती तिथे द्यावी अशी कल्पना आहे. सक्ती मात्र नाही, आणि सक्ती नसलेल्या कल्पनेचं आपल्याकडे जे होतं ते होतंय.

हिशेबाच्या वहीत न मावणारी एक गोष्ट उरते. धुणारं माणूस कोण? सेमी ऑटोमॅटिक कितीही टिकलं तरी त्यातले ओले कपडे वाकून उचलून ड्रायरमध्ये टाकावे लागतात. घरातल्या बाईचे गुडघे गेले असतील, पाठीचं ऑपरेशन झालं असेल, तर चालतं मशीन काढून ऑटोमॅटिक घेणं ही चैन नव्हे. उलट मुलं शिकायला पुण्याला गेली आणि घरात दोघंच उरली, तर आठ किलोच्या नव्या मशीनचं काय करायचं? सुटा भाग यायला दहा दिवस लागणार असतील तर त्या दहा दिवसांचं धुणं कुणाच्या हातांवर पडणार, तेही खर्चात मोजावं. हा खर्च पुरुषांच्या हिशेबात बहुधा शून्य असतो.

आणि एका बाबतीत हिशेबच करू नये. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ते त्याच क्षणी बंद करायचं. रबरी चप्पल घालून वापरणं हा उपाय नाही. आधी अर्थिंग तपासा. आपल्याकडे मे महिन्यात जमीन कोरडी पडते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि जोडणी असूनही ती काम करत नाही. त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं. बोर्डावर 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. अर्थिंग ठीक असूनही करंट येत असेल तर बहुधा मोटर किंवा हीटरमध्ये गळती आहे, आणि जुन्या, गंजलेल्या मशीनमध्ये ती शोधत बसण्यापेक्षा निरोप घेतलेला बरा.

नवीन घ्यायचं ठरलंच, तर जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, दोन गोष्टी कागदावर बघा. 'दहा वर्षं वॉरंटी' हे मोठ्या अक्षरांत असतं ते बहुधा फक्त मोटरसाठी. पूर्ण मशीनची वॉरंटी सहसा एक-दोन वर्षांचीच, आणि मोटर ही क्वचित जाणारी वस्तू. दुसरं, एक्स्चेंजचा आकडा. जुनं मशीन न देता किती सूट मिळते ते आधी विचारा. पुष्कळदा दोन्ही आकड्यांत थोडाच फरक असतो, आणि तेवढ्यात तेच मशीन तुमच्या मेकॅनिकला देता येतं. त्याच्या दुकानामागे उभ्या मेलेल्या मशीनमधूनच गावातली दहा मशीन जगतात. भंगारवाल्याला फ्रंट लोड देताना वजनाने हुरळून जाऊ नका. त्यातला बराच भार तोल राखण्यासाठी घातलेल्या सिमेंटच्या ठोकळ्याचा असतो आणि त्याला भंगारात मोल नाही. 2022 च्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीन येतं आणि आयुष्य संपलेल्या मालाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा कंपनीच्या हेल्पलाइनला जुनं मशीन कुठे द्यायचं ते विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

दुरुस्ती झाली की बदललेला जुना भाग मागून घ्या आणि बिलावर नव्या भागाचं नाव, किंमत आणि हमीचे महिने लिहून घ्या. पैसे घेऊन काम नीट केलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तक्रार दाखल करायला शुल्क लागत नाही. बिल नसेल तर मात्र तिथेही फार काही करता येत नाही.